त्याले सांगू दे

"तू नको सांगू. त्याले सांगू दे."

हे वाक्य म्हणताना डॉक्टर आपल्याकडे बघायचेच नाहीत. चष्मा कपाळावर चढवलेला, डावा हात जनावराच्या मानेवर आणि उजव्या हाताचं बोट मालकाच्या नाकासमोर उभं. मालक बिचारा रात्रभर पाठ करून आलेला असायचा, कुत्र्यानं काय खाल्लं, कधी ओकलं, कुठे पडलं. तोंड उघडलं की बोट वर. आणि मग डॉक्टर त्या कुत्र्याकडे, मांजराकडे, बकरीकडे वाकून अगदी सोयरा आल्यासारखं विचारायचे, "काय भाऊ, काय व्हयनं?"

आता तुम्ही म्हणाल, कुत्रं काय सांगणार. तीच तर गंमत होती. उत्तर मालकानंच द्यायचं, पण कुत्रं होऊन. "त्याचं पोट दुखतं" असं म्हटलेलं चालायचं नाही. "मन्हं पोट दुखस" असं म्हणायचं. नाही म्हटलं तर डॉक्टर हात बांधून उभे राहायचे. तपासणी सुरूच होत नसे.

शहाद्यात एसटी स्टँडच्या मागच्या एका गल्लीत त्यांचा दवाखाना होता. पुढे एक खोली, खोलीत स्टीलचं टेबल. मागे अंगण, अंगणात बैल-म्हशी उभ्या करायचा लोखंडी खोडा, आणि त्याच्या पलीकडे राहतं घर. म्हणजे पुढे कुत्रं केकाटतंय, मध्ये म्हैस हंबरतेय आणि मागून डॉक्टरीणकाकूंच्या फोडणीचा वास येतोय, असा एकूण थाट. नवीन माणसाला वाटायचं आपण येड्यांच्या इस्पितळात आलो. बाकावर पागोटंवाले बाबा, कपाळावर आठ्या घालून म्हणतायत, "मी बैल शे, मन्हा मांगला पाय उचलत नही." आणि शेजारचा कोणी हसत नाही, कारण पुढचा नंबर त्याचा, आणि त्याला कोंबडी व्हायचंय.

ही पद्धत त्यांना कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. तरुणपणी ते विसरवाडीला नोकरीला होते. तिथे एकदा डोंगरातल्या पाड्यावरून एक बाई शेळी घेऊन आली. तिची बोली यांना कळेना, यांची तिला कळेना. शेळी तर त्या क्षणी अगदी ठणठणीत उभी. शेवटी बाईनं पदर खोचला, स्वतः शेळी झाली आणि गोल गोल फिरून भिंतीला डोकं टेकवून उभी राहिली. डॉक्टर सांगायचे, "माले लगेच समजनं. तोंडनी सांगती तर मी बी इसरी गयतू अन ती बी." त्या दिवसापासून त्यांनी मालकांना जनावर करायला सुरुवात केली. काही जणांना फार कष्ट पडत नसत, असंही ते म्हणायचे.

याचा फायदा काय, ते मी ब्राह्मणपुरीच्या एका म्हशीमुळे पाहिलं. म्हैस टेम्पोतून आली होती, सोबत सासू आणि नवी सून. दूध देत नव्हती. खोड्यात म्हैस उभी केली आणि सासूनं सुरुवात केली, "मी म्हैस शे. माले नवा हात चालत नही. नवा हातले येत बी काही नही." पुढे बराच वेळ ती म्हैस सुनेच्या माहेरापर्यंत जाऊन आली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मग सुनेकडे वळले. "आते तू व्हय म्हैस."

सुनेचा पदर नाकापर्यंत. खूप वेळानं पदरातून बारीक आवाज आला, "माले नवा हात चालस. पन तो हात थरथरस. कारन मांगे सासू उभी ऱ्हास."

डॉक्टरांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "म्हैसले काहीच व्हयनं नही. दूध काढाना टाइमले सासूले मळामा धाडी द्या." सासू तणतणत गेली, पण पुढच्या आठवड्यात त्याच टेम्पोतून बासुंदीचं पातेलं आलं. कोणी पाठवलं ते मात्र पातेल्यानं सांगितलं नाही.

माझी आणि डॉक्टरांची ओळख झाली ती एका प्रिन्समुळे. आमच्या घरासमोर कापडाच्या दुकानवाल्या शेठजींचं घर. त्यांचा प्रिन्स म्हणजे पांढरा, केसाळ, आणि चार पायांवर उशी ठेवावी तसा गोल. त्या दिवशी दवाखान्यात शेठाणीबाई त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी माझ्या कुत्र्याला सुई टोचायला घेऊन मागच्या बाकावर. त्यांचं म्हणणं, प्रिन्स काहीच खात नाही.

"तुम नको बोलो, भाभी. उसको बोलने दो," डॉक्टर म्हणाले. शेठाणीबाई लाजल्या, इकडेतिकडे बघितलं आणि प्रिन्सच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "मैं कुछ भी नहीं खाता, डॉक्टरसाब."

आता मला राहवलं नाही. लहानपणापासून माझी ती खोड. कुणाचाही आवाज कानात गेला की माझ्या तोंडातून बाहेर पडायचाच. शाळेत मुख्याध्यापकांच्या आवाजात मी एकदा अख्ख्या वर्गाला सुट्टी दिलेली आहे. मी मागून, नाकातून, अगदी उशीसारख्या मऊ आवाजात म्हणालो, "सुबह थोडा गाठिया खाता. दोपहर को मोहनथाळ. शाम को दुकानपे ग्राहक आये तो उसके साथ भजिया. बाकी कुछ नहीं खाता, डॉक्टरसाब."

बाक गदागदा हलला. शेठाणीबाईंनी मागे वळून असं पाहिलं, की मला वाटलं आता आमच्या घरी तक्रार जाणार. मग त्याच फसकन हसल्या. "यह किसका लड़का है रे?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. ते माणसाकडे बघायचे तेव्हाच चष्मा लावायचे. "काय नाव तुन्हं?" मी सांगितलं. ते लगेच विसरले आणि त्या दिवसापासून माझं नाव नकल्या पडलं.

माझ्या कुत्र्याचं नाव कंडक्टर. बाबा एसटीत ड्रायव्हर, म्हणून. स्टँडवर एका बंद पडलेल्या गाडीखाली तो जन्मला आणि बाबांच्या मागेमागे घरी आला. बाबा म्हणायचे, आपण नाही आणला, तो आपला आपण चढला. आमचे बाबा म्हणजे कसे, तर गाडीत पाटी असते ना, चालकाशी बोलू नये, ती त्यांनी घरातही लावलेली होती. जेवताना मीठ हवं असलं तर मिठाकडे बघायचे. कुत्र्याचे लाड वगैरे तर नावच नको. कंडक्टर जवळ आला की पाय आखडून घ्यायचे. निदान आमच्यासमोर तरी.

तर एकदा कंडक्टर आजारी पडला. खाणं बंद, कोपऱ्यात पडून, अंग तापलेलं. आई म्हणाली उतरेल. उतरलं नाही. मी त्याला उचलून दवाखान्यात नेला आणि काय आश्चर्य, बाबा ड्युटीवर जायचे सोडून खाकी कपड्यांत मागून येऊन दारात उभे राहिले.

"काय कंडक्टर," डॉक्टर त्याच्यावर वाकले, "गाडी कशी काय बंद पडनी?"

मी तयारच होतो. कुत्र्याचा आवाज काढून म्हणालो, "साहेब, डिझेल संपनं." नेहमी हसणारे डॉक्टर हसले नाहीत. बोट माझ्याकडे वळलं. मग त्यांनी चष्मा खाली घेतला, दाराकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तुम्ही या. ह्याना जोडे जास्ती तुम्हीच ऱ्हातस."

मला हसू आलं. बाबा आणि कंडक्टरच्या जोडीला? बाबा म्हणाले, "माले जमाव नही ते." डॉक्टर हात बांधून उभे राहिले. कंडक्टर टेबलावर धापा टाकत होता. स्टँडवरून गाड्यांची घोषणा ऐकू येत होती, त्यात बाबांची गाडीही असणार. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, आणि टेबलाकडे न बघता, भिंतीवरच्या गायीच्या चित्राकडे बघत बोलायला लागले.

"मी कंडक्टर शे. मी रोज सकायमा ह्याना संगे डेपोपावत जास. हाऊ आपला डबामधली आर्धी भाकर माले देस. घर कोनले सांगत नही." मग थांबले. टोपी फिरवली. "आते भाकर तठेच पडी ऱ्हास. गाडीनी पायरी चढता येत नही. अन परवा मन्हा नाकमाईन रगत उनं. हाई बी ह्यानी घर सांगं नही. घाबरी गया व्हता."

इतकं सलग बोलताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि ते बाबा म्हणून नाही, कुत्रा म्हणून.

नाकातून रक्त म्हटल्याबरोबर डॉक्टरांचे हात भराभर चालायला लागले. हिरड्या पाहिल्या, पांढऱ्याफटक. कानाच्या आत बोट घालून पाहिलं, गोचिडांची वसाहत. बाबा त्याला डेपोच्या मागे, बैलगाड्या सुटतात तिथे बसवून ड्युटीवर जायचे. गोचिडांचा ताप होता. वरून दिसत नाही, आतून रक्त खातो. आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले, आणि तेही बाबांना नाही, कंडक्टरला म्हणाले. "टाइमवर बोलना तू, भाऊ."

सलाइन लागलं, सुया झाल्या, बाबांनी रजा काढली. रजा! बहिणीच्या साखरपुड्याला ज्यांनी अर्ध्या दिवसावर भागवलं होतं त्यांनी. शेवटी एका सकाळी कंडक्टर त्याच टेबलावर आपणहून उठून उभा राहिला, बाहेर कुठल्याशा गाडीचा हॉर्न वाजला आणि हा दोनदा भुंकला. डॉक्टरांनी हातातला चिमटा टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवला. टण, टण.

"डबल बेल," ते म्हणाले. "सोडा गाडी."

बाबांच्या धंद्यात एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. डॉक्टरांना ते इतकं आवडलं, की तेव्हापासून प्रत्येक जनावराला घरी सोडताना चिमट्यानं डबल बेल व्हायची. बैलालासुद्धा. एकदा चुकून एकच वाजली तर एक म्हातारा बकरी घेऊन तसाच बसून राहिला, दुसरी वाजेपर्यंत हलला नाही.

आता सगळं असंच गोड गोड होतं असं नाही. मी तुम्हाला साळूचं पण सांगतो.

साळू म्हणजे आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंची मांजर. बाई एकट्या राहायच्या, अहिराणीच्या गावात वर्षानुवर्षं राहूनही शुद्ध बोलायच्या, आणि साळूशीही शुद्धच बोलायच्या. साळू दोन दिवस जेवली नव्हती. डॉक्टरांनी बोट वर केलं, तसं बाई म्हणाल्या, "हे पहा, मी मांजर होणार नाही. मला ते शक्य नाही. तुम्ही तपासा."

त्या दिवशी अंगणात बरीच जनावरं खोळंबली होती. डॉक्टरांनी हात बांधून वाट पाहिली नाही. साळूचं पोट चाचपलं आणि स्वतःच मांजराचा आवाज काढून म्हणाले, "माले अपचन व्हयनं, बाई. माले औषध द्या, मी बरी व्हसू." सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त. बाटली दिली, डबल बेल झाली, साळू घरी गेली.

साळूनं शिवणाचा दोरा गिळला होता. आतड्यात अडकला होता. बाईंनी दुसऱ्या दिवशी तिला टोपलीत घालून नंदुरबारला नेलं तेव्हा तिथे कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

बाई परत आल्या त्या थेट दवाखान्यात. टोपली रिकामी. आम्ही सगळे बाकावर. वर्गात कविता शिकवायच्या त्याच आवाजात, जराही न चढवता, त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही तिला विचारलंत. पण उत्तर तुमचंच दिलंत."

 पोट फुगलेलं नव्हतं, ताप नव्हता, कोणालाही चकवलं असतं, असं बरंच काही डॉक्टरांना सांगता आलं असतं. माझ्यासारख्याला तर नक्कीच आलं असतं. त्यांनी फक्त चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बाईंकडे बघून मान खाली केली. दुपारी शटर पडलं ते दुसऱ्या दिवशी उघडलं.

त्यानंतर दवाखान्यात एक बदल झाला. "काय व्हयनं?" विचारून झालं की डॉक्टर थांबायला लागले. मालक बोलायचा तो बोलून मोकळा व्हायचा, तरी यांचा हात जनावराच्या मानेवरच. डोळे मिटलेले. किती वेळ, याचा काही नेम नाही. लोक चुळबुळ करायचे, कोणी म्हणायचं डॉक्टर झोपला. मग हळूच डोळे उघडून, "पन हाई मांगला पायवर भार देत नही, ते कोनी सांगं नही माले." मागे राहिलेलं असं काहीतरी त्या थांबण्यात हाताला लागायचं.

आणि मी पुन्हा एकदा बाकावरून एका बोकडाचा आवाज काढला तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले, "नकल्या, आवाज तुन्हा ऱ्हाऊ दे. पन गोट त्यानी पाहिजे." गोट म्हणजे गोष्ट. मी हो हो म्हणालो. त्या वयात आपण हो हो लवकर म्हणतो.

बाईंनी नंतर दुसरं पिल्लू आणलं. त्याला सुई द्यायची असली की टोपली घेऊन दवाखान्यावरून चालत स्टँडवर जायच्या आणि नंदुरबारची गाडी पकडायच्या. त्या जाताना दिसल्या की डॉक्टर हातातलं काम थांबवून उभे राहायचे. बाई बघायच्या नाहीत. मी मात्र दोघांना बघायचो.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी डॉक्टरांची नक्कल केली, ती अख्ख्या शहाद्यात गाजली. चष्मा कपाळावर, बोट वर, किंचित डावीकडे झुकलेली चाल, आणि समोर प्राचार्यांना बसवून, "तू नको सांगू, त्याले सांगू दे." डॉक्टर पहिल्या रांगेत होते. हसून हसून त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मला पकडलं. "मी इतला वाकडा चालस?" आतून काकूंचा आवाज आला, "त्यानापेक्षा बी वाकडं चालतस." मग लग्नात, गणपतीत, वाढदिवसाला, लोक मला म्हणायचे, डॉक्टर कर. मी करायचो. कंडक्टर घरात असला आणि मी तो आवाज काढला की तो सरळ खाटेखाली. जीव वाचवणारा माणूस, पण कंडक्टरच्या लेखी तो सुई टोचणाराच. दवाखान्याच्या बाजूनं चालायचाही नाही. गल्ली आली की ओढून रस्त्याच्या पलीकडे.

मग डॉक्टरांना लकवा झाला.

एका वासराला बघत असतानाच उजवी बाजू गेली. नंदुरबारला दवाखान्यात होते, मग घरी आणलं. पाय गेला त्याचं काही नाही, पण बोलणं गेलं. घशातून नुसता घरघर आवाज.

मी भेटायला गेलो तेव्हा खोली भरलेली होती. मध्ये लोखंडी पलंग, त्यावर डॉक्टर. भोवती केळीवाले, म्हशीवाले, शेठजी, शेठाणीबाई, आणि अगदी मागे, दाराशी, आमच्या बाई. प्रत्येक जण काकूंना विचारत होता. जेवतस का? झोप लागस का? वळखतस का? रडतस का? माणूस समोर डोळे उघडे ठेवून पडलेला, आणि त्याच्याविषयी सगळं त्याच्या डोक्यावरून चाललेलं. बकरीला बाकावर घेऊन बसल्यासारखं. कंडक्टर माझ्यासोबत आला होता, पण फाटकाच्या बाहेरच बसला. लकवा झाला म्हणून काय झालं, सुईचा भरवसा नाही.

त्या दिवशी खोलीत मोठा प्रश्न पडलेला होता. त्यांची मुलगी, ताई, नाशिकहून आली होती. तिला दोघांनाही कायमचं घेऊन जायचं होतं. तिथे डॉक्टरांवर उपचार झाले असते, आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशनही. तो गुडघा किती तरी दिवस दुखत होता, पण आज वासरू, उद्या म्हैस, असं करत राहून गेलेलं. आता काकू भिंतीला धरूनच चालायच्या.

गावाचं म्हणणं वेगळं. डॉक्टर शहाद्याशिवाय जगायचे नाहीत. फ्लॅटमध्ये झुरतील. आणि सगळ्यांत ठामपणे काकूच म्हणत होत्या, "मन्हा गुडघानं ऱ्हाऊ दे. ह्यासना जीव आठेच शे. माले माहीत नही का?" ताईंनी डोळे पुसले. "आई, मी त्यांना विचारते तर ते काही खूणच करत नाहीत गं." मग काकूंची नजर माझ्यावर पडली. "हाऊ त्यासनामायक बोलस. ह्यालेच कळी त्यासना मनमधलं. सांग रे नकल्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काय, आवाज तयारच होता. मी पलंगाजवळ गेलो, बोट वर केलं, आणि डॉक्टर होऊन म्हणालो, "मी कोठेच जावाव नही. मन्हा पेशंट आठे शेत. मन्हा खोडा आठे शे. नाशिकमा माले कोनती म्हैस वळखी?"

इतकी हुबेहूब नक्कल मी कधी केली नव्हती. शेठाणीबाई पदरात तोंड घालून रडायला लागल्या. म्हशीवाले बाबा म्हणाले, देखा, साक्षात बोलनात. काकूंनी मान हलवली, जणू आता निकाल लागला.

आणि पलंगावरून, हळूहळू, डॉक्टरांचा डावा हात वर आला.  एक बोट उभं राहिलं. माझ्या नाकासमोर.

हजार वेळा मी ते बोट करून दाखवलेलं. माझ्यावर रोखलेलं असताना त्याचा अर्थ वेगळाच लागतो. मागून बाई एवढंच म्हणाल्या, "थांब जरा."

मी बोट खाली घेतलं. मग डॉक्टर करायचे तेच केलं. पलंगाच्या कडेला बसलो, त्यांच्या मानेवर हात ठेवला, आणि माझ्या स्वतःच्या आवाजात विचारलं, "काय साहेब? जानं शे का ऱ्हानं शे?"

आणि थांबलो. मान कोमट होती, दाढीचे खुंट बोटांना लागत होते. खोलीत कोणी खोकलं, कोणीतरी बोलायला गेलं आणि बाईंनी त्याला हातानंच थांबवलं. पंखा फिरत होता. डॉक्टरांचे डोळे माझ्यावरून सुटले, ताईंवरून गेले, गर्दीतून वाट काढत पायथ्याशी जाऊन थांबले. तिथे काकू बसल्या होत्या. एक पाय लांब केलेला, गुडघ्याला गरम फडकं बांधलेलं. डॉक्टर त्या फडक्याकडे बघत राहिले.

मग त्यांच्या डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजली.

टण.

एक बेल म्हणजे थांब. खोलीनं सुस्कारा सोडला. म्हशीवाले बाबा म्हणाले, मी सांगतच होतो. डॉक्टरांचा हात तसाच दांडीवर होता. मानेवरच्या माझ्या हाताला कळत होतं, की अजून त्यांचं म्हणून झालेलं नाही. मी कोणाला काही बोललो नाही.

टण.

काकूंना सगळ्यांत आधी कळलं. त्यांनी गुडघ्यावर पदर ओढला, चोरी पकडल्यासारखा. "देखाना नही तठे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, आणि गेल्या कित्येक दिवसांत त्या पहिल्यांदाच त्यांच्याविषयी नाही, त्यांच्याशी बोलल्या. डॉक्टर अर्ध्या तोंडानं हसले. उरलेलं अर्धं आम्ही हसलो.

आठवड्याभरात ते गेले. ताईंच्या नवऱ्यानं गाडी आणली होती. डॉक्टरांना पुढच्या सीटवर बसवलं. गल्ली माणसांनी आणि जनावरांनी भरलेली, ब्राह्मणपुरीची ती सून आता स्वतः सासूला टेम्पोतून घेऊन आलेली. बाई टोपलीसकट आल्या होत्या. टोपलीतलं मांजर त्यांनी काचेजवळ धरलं आणि म्हणाल्या, "ही जाई. तुमची ओळख करून द्यायची राहिली होती." डॉक्टरांनी डावा हात बाहेर काढून मांजराच्या मानेवर ठेवला. किती तरी वेळ. गाडी सुरू होती, पण कोणी घाई केली नाही. बाबांना त्या दिवशी सुट्टी होती, तरी ते खाकी कपडे घालून आले होते. त्यांनीच शेवटी गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली.

काकूंचं ऑपरेशन छान झालं. फोनवर सांगायच्या, आता त्या संध्याकाळी डॉक्टरांची खुर्ची ढकलत बागेत नेतात आणि तिथल्या लोकांच्या कुत्र्यांना डॉक्टर हात लावून बघतात. मागच्या थंडीत त्यांचा फोन आला तेव्हा त्या काही बोलल्याच नाहीत. डॉक्टर गेले, हे मला त्यांनी न सांगताच कळलं. दोघं फोन धरून नुसते थांबलो.

दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. कुत्र्याला काही झालं तर आम्ही नव्या डॉक्टरांकडे नेतो. हुशार आहेत, मशीन आहे, रक्ताचा रिपोर्ट तासाभरात देतात. ते मला विचारतात, मी सांगतो. लोक अजून म्हणतात, डॉक्टर कर ना. मी करत नाही. बोट वर केलं की ते माझ्याकडेच वळल्यासारखं वाटतं.

कंडक्टर म्हातारा झालाय. एका डोळ्यात मोतीबिंदू, चाल डावीकडे झुकलेली. रोज सकाळी आम्ही त्या गल्लीतून जातो. मोबाइलच्या दुकानाचं शटर दिसलं की तो अजूनही कान पाडतो, साखळीला हिसका देतो आणि मला ओढत रस्त्याच्या पलीकडे नेतो. मी जातो. मी त्याला सांगितलेलं नाही.